डेव्हिड ससून ग्रंथालय, काळा घोडा : वाचनालय म्हणून आणि एका दात्याचं स्मारक म्हणून

मुंबईच्या फोर्टात निवांत बसून वाचायला जागा कुठे, असं कुणी विचारलं तर आम्ही आजही पहिलं नाव डेव्हिड ससून ग्रंथालयाचं घेतो. जहांगीर आर्ट गॅलरीकडून रस्ता ओलांडला की एल्फिन्स्टन कॉलेजला लागून असलेली पिवळसर दगडाची, टोकदार कमानींची इमारत दिसते, तीच ही. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. भुयारी मेट्रोने येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्टेशन सोयीचं. वाचनालय म्हणून जागा उत्तम आहेच. पण ज्याच्या नावाने ती उभी आहे तो माणूस कोण होता हे माहीत नसेल, तर निम्मी इमारत न बघताच परत आल्यासारखं होतं. म्हणून या परीक्षणात दोन्हींचा हिशेब मांडला आहे.

ससून हे नाव आपल्या तोंडी इतकं रुळलंय की त्यामागे माणूस आहे याचाच विसर पडतो. पुण्यात 'ससूनला ॲडमिट केलंय' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मुंबईत ससून डॉक म्हणजे पहाटेची मासळी. हे सगळं ज्या घराण्यातून आलं त्याचा मूळपुरुष म्हणजे डेव्हिड ससून. जन्म १७९२ चा, बगदादचा. वडील तिथल्या पाशांचे, म्हणजे तुर्की सुभेदारांचे, मुख्य खजिनदार आणि यहुदी समाजाचे प्रमुख. दाऊद पाशाच्या काळात छळ वाढला, पैशासाठी धरपकड सुरू झाली, तेव्हा डेव्हिड बगदादमधून निसटून इराणच्या आखातावरच्या बुशहरला गेले आणि तिथून १८३२ च्या सुमाराला बायकामुलांसह मुंबईत आले. वय चाळिशीचं. नव्या शहरात पहिल्यापासून सुरुवात करायला हे वय थोडं नाही. बगदादचा झगा आणि पगडी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की येत होती, हिंदुस्तानीही बोलायचे. इंग्रजीत मात्र ते कधी रमले नाहीत. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तेव्हा कागदावर सही केली ती हिब्रूत.

धंदा कापड, कापूस, आखाताशी चालणारा माल आणि पुढे चीनचा व्यापार असा वाढत गेला. चीनच्या व्यापारात अफू होती, आणि ती किरकोळ नव्हती. घराण्याच्या संपत्तीचा मोठा हिस्सा अफूतून आला, हे दानाच्या गोष्टी सांगताना बाजूला ठेवता येत नाही. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून जायची. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा तो कायदेशीर व्यापार होता आणि मुंबईतल्या अनेक मोठ्या पेढ्या त्यात होत्या. कायदेशीर होता म्हणून चिनी माणसाचं नुकसान कमी झालं नाही. आम्हाला डेव्हिड ससून यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि हे लिहिल्याने तो कमी होत नाही.

आदर कशासाठी, तर पैसा दिला एवढ्यासाठी नाही. माणसं घडवण्याची त्यांची पद्धत त्या काळात विरळा होती. बगदाद आणि आसपासच्या शहरांतून हलाखीत आलेल्या यहुदी मुलांना ते मुंबईत ठेवून घेत. त्यांच्यासाठी शाळा काढली. हिब्रू आणि अरबीबरोबर तिथे इंग्रजी, अंकगणित, भूगोल आणि जमाखर्चही शिकवला जाई, कारण या मुलांना पुढे पेढीच्या शाखांवर बसायचं होतं. शिकून तयार झालेला मुलगा कारकून म्हणून लागायचा, मग शांघाय, हाँगकाँग किंवा आखातातल्या एखाद्या शाखेवर जायचा. राहण्याची सोय, धर्माप्रमाणे जेवण, शनिवारची सुट्टी, आजारपणात औषध आणि मेल्यावर दफन, सगळी जबाबदारी पेढीची. स्वतःच्या मुलांनाही यातून सूट नव्हती. दुसरा मुलगा इलियास १८४४ मध्ये चीनला गेला तो धंदा शिकायला आणि उभा करायला. एकूण मुलगे आठ. शाखांचा कारभार त्यांच्यात फिरता असायचा, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक बाजाराची नाडी कळावी.

पेढीचा अंतर्गत पत्रव्यवहार बगदादी यहुद्यांच्या अरबी बोलीत, पण हिब्रू लिपीत चालायचा. बाहेरच्याला भाषा येत असली तरी लिपी लागायची नाही, लिपी येत असली तरी बोली कळायची नाही. म्हणून नव्या मुलाला लिहिता-वाचता येणं ही नुसती पुण्याची गोष्ट नव्हती, पेढीची गरज होती. परोपकार आणि धंदा यांची इतकी घट्ट वीण असल्यामुळेच ही व्यवस्था त्यांच्यामागेही चालली. पुढे शांघायमधला मोठा जमीनदार झालेला सायलस हार्डून आणि हाँगकाँगमध्ये घराणं उभं करणारे एली कदूरी हे दोघेही ससूनांच्या पेढ्यांवर नोकरीला लागूनच वर आले.

दानाचीही अशीच शिस्त होती. वर्षाअखेरीस उरलं त्यातून नाही, तर व्यवहार होतानाच त्यातला पाव टक्का धर्मादाय खात्याला वळता व्हायचा. नफा झाला की तोटा, हा प्रश्न नाही. सौदा झाला की रक्कम बाजूला. आपल्याकडच्या धर्मादाय ट्रस्टींनी यातून शिकण्यासारखं आहे: दान मालकाच्या मूडवर सोडलं की मंदीच्या वर्षी पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते, जमाखर्चात त्याची ओळ आधीच पडली की खातं आपोआप भरत राहतं.

आता इमारतीकडे. तिची सुरुवात शेठ-सावकारांच्या बैठकीत झालेली नाही. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण मेकॅनिकांनी आणि फोरमननी यंत्रांचे नमुने, आराखडे आणि पुस्तकं एकत्र ठेवण्यासाठी संस्था काढली. डेव्हिड ससून यांनी पैसे दिले ते या कामगार-कारागिरांच्या वाचनालयाला. बांधकामाचा एकूण खर्च सव्वा लाख रुपये. त्यातले साठ हजार ससूनांचे, उरलेले मुंबई सरकारचे. कॅम्पबेल आणि गॉसलिंग या वास्तुरचनाकारांनी आराखडा केला आणि काम १८७० मध्ये पुरं झालं. दाता त्याआधीच, ७ नोव्हेंबर १८६४ ला, पुण्यात वारला होता. स्वतःच्या नावाची ही इमारत त्यांनी पाहिली नाही.

आत शिरण्याआधी फुटपाथवर दोन पावलं मागे सरून वर बघा. दर्शनी भागावर दगडात कोरलेला दाढीवाला, पगडीवाला चेहरा आहे, तो डेव्हिड ससून यांचा. बरेचजण त्याखालून रोज जातात आणि कधी मान वर करत नाहीत. आत प्रवेशाच्या दालनात त्यांचा पूर्णाकृती संगमरवरी पुतळा आहे, इंग्लंडचे शिल्पकार टॉमस वूल्नर यांनी घडवलेला. पुतळ्यासमोरून घाईने जिन्याकडे जाऊ नका. झग्याच्या घड्या आणि कमरेचा शेला बाजूने बघा. मुंबईत त्या काळातले बहुतेक पुतळे इंग्रजी कोटात किंवा रोमन थाटात आहेत, हा माणूस मात्र पेढीवर बसायचा तशाच पोशाखात उभा आहे. वरच्या बाजूने येणारा उजेड दुपारी कमी होतो, तेव्हा चेहरा नीट बघायचा असेल तर सकाळी जावं.

वरच्या मजल्यावर मुख्य वाचनकक्ष आणि रस्त्याकडे तोंड असलेला व्हरांडा. लांब पायांच्या आरामखुर्च्या ही या व्हरांड्याची खरी ओळख. सूचना एवढीच की आरामखुर्चीत वर्तमानपत्र, मासिक, कादंबरी छान वाचून होते. टिपणं काढायची असतील तर ती खुर्ची पाठीला आणि अक्षराला दोन्हींना वाईट. अभ्यासाला आतलं टेबल धरा. परीक्षांच्या हंगामात स्पर्धा परीक्षेची आणि सीएची मुलं सकाळीच टेबलं पकडतात, म्हणून नऊच्या आत पोचणं शहाणपणाचं. ग्रंथालय सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत उघडं असतं. नोकरी करून येणाऱ्यांसाठी संध्याकाळी सहानंतरची वेळ सगळ्यांत चांगली: ऑफिसं सुटलेली, व्हरांड्यात वारा, आणि रस्त्यावरचे हॉर्न थोडे उतरलेले. दिवसा मात्र रस्त्याचा आवाज आहेच, तो मान्य करूनच जावं. ज्याला अजिबात आवाज चालत नाही त्याने मागच्या बागेकडची बाजू घ्यावी.

ही मागची बाग फोर्टातली दुर्मीळ चीज आहे. इमारतींच्या गर्दीत एवढी मोकळी, झाडांची जागा दुसरीकडे सहसा नाही. फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सवात इथे साहित्याचे कार्यक्रम होतात. ते ऐकायला जरूर जावं. पण त्या नऊ दिवसांत अभ्यासाला येऊ नये. रस्ता बंद, दारापर्यंत गर्दी आणि माईकचा आवाज वाचनकक्षापर्यंत पोचतो.

सदस्यत्वाचं: बसून वाचायला सदस्य व्हावं लागतं. फोटो आणि ओळखीचा-पत्त्याचा पुरावा घेऊन काऊंटरवर गेलं की अर्ज मिळतो. शुल्क वेळोवेळी बदलतं, त्यामुळे जुन्या आकड्यावर विसंबून जाऊ नये. आणि वार्षिक घ्यायचं की दीर्घ मुदतीचं, हे घरापासूनचं अंतर बघून ठरवा. आठवड्यातून एकदाच येणं होणार असेल तर पहिलं वर्ष वार्षिकच पुरे. नुसती इमारत बघायची असेल तर काऊंटरवर विचारून तळमजला आणि पुतळा बघता येतो; वर वाचनकक्षात कॅमेरा काढू नये, वाचणाऱ्यांना त्याचा त्रास होतो.

पुस्तकं इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती अशी आहेत आणि जुन्या पुस्तकांचा साठा हे इथलं वैभव. जुनं पुस्तक हातात घेताना थोडं ध्यानात ठेवावं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदाला आतून खातं, म्हणून पानं तपकिरी होतात आणि घडी पडली की तुटतात. १८२० चं चिंध्यांच्या कागदाचं पुस्तक पांढरं राहतं आणि १९२० चं पापडासारखं मोडतं, ते यामुळे. अशा पुस्तकाचं पान कोपऱ्याला थुंकी लावून उलटू नये, वरच्या कडेने बोट सरकवून उलटावं. पुस्तक पूर्ण पालथं उघडू नये. झेरॉक्ससाठी काचेवर दाबू तर नयेच, पाठ तिथेच फाटते. मोबाइलने फोटो घ्यायची परवानगी मागावी, तेही फ्लॅशशिवाय. समुद्राकाठच्या हवेत बुरशी हा दुसरा शत्रू. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की ती धरते, आणि मुंबईचा पावसाळा चार महिने त्याच्या वरच असतो. कपाट बंद ठेवून ती जात नाही, उलट कोंडल्याने वाढते. हवा खेळती ठेवावी लागते. डांबराच्या गोळ्या किड्याला थोडा आळा घालतात, बुरशीला नाही. वास येणारं पुस्तक दिसलं तर ते परत कपाटात न ठेवता काऊंटरवर द्यावं, शेजारची दहा वाचतील.

इमारतीची अलीकडची दुरुस्ती हा आमच्या मते या परीक्षणातला सर्वांत आनंदाचा भाग. मूळ इमारतीला उतरतं छप्पर होतं. मधल्या काळात ते जाऊन काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. अशा जुन्या वास्तूवर स्लॅब का घालू नये, त्याची कारणं साधी आहेत. एक, सपाटीवर पाणी साचतं आणि भेग शोधत खाली येतं. दोन, खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, गंजलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. मग गळती आणखी वाढते. तीन, लाकूड-कौलांच्या वजनाच्या हिशेबाने उभारलेल्या दगडी भिंतींवर नको तेवढा भार येतो. वरून डांबराचा थर द्यायचा, दोन पावसाळे काढायचे आणि पुन्हा द्यायचा, हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय रोगाला हात लावत नाही. इथे संवर्धन वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर बसवलं गेलं. वाचनकक्षात मान वर केली की फरक कळतो: उंची परत आली, आणि कोंडलेपण गेलं.

दगडाचंही तेच. या रांगेतल्या इमारतींचा पिवळसर दगड मालाडचा, ज्वालामुखीतून झालेला. मूळ जोडकाम चुन्याचं. चुना श्वास घेतो, भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते. नंतर कुणीतरी सिमेंटने सांधे भरले की ओलीला वाट राहत नाही. ती दगडातून बाहेर येते, सोबत क्षार आणते आणि दगडाचा पृष्ठभाग पावडर होऊन झडतो. शहरात अशा कित्येक दगडी इमारती आहेत ज्यांत सिमेंटची रेघ शाबूत आणि शेजारचा दगड खचलेला दिसतो. जुना दगडी वाडा असणाऱ्यांनी इथले सांधे जवळून बघून जावेत, गवंड्याला काय सांगायचं ते कळेल.

या माणसाची दुसरी एक बाजू मराठी वाचकाने मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्रायली, आपले शनवार तेली, मुंबईत ससून येण्याच्या खूप आधीपासून होते, मराठी बोलत होते. सुरुवातीला आलेले बगदादी त्यांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करत. पुढे अंतर पडलं. १८३६ मध्ये यहुदी दफनभूमीत दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालावी, असा अर्ज बगदादींनी सरकारकडे केला आणि अर्जदारांत डेव्हिड ससून होते. हॉस्पिटल, वाचनालय, अनाथ-अपंगांचं घर सगळ्या जातिधर्मांना खुलं करणारा माणूस स्वतःच्या धर्मातल्या मराठी भावंडांशी असा वागला, हे बोचतं. पण बोचलं तरी सांगायलाच हवं, कारण बेने इस्रायली घरांमध्ये ही आठवण अजून आहे.

ग्रंथालय बघून झाल्यावर वेळ असेल तर याच माणसाची बाकीची खूण जवळपास आहे. चार-पाच मिनिटांवर निळा-पांढरा केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, नातू जेकब यांनी १८८४ मध्ये वडील इलियास यांच्या स्मरणार्थ बांधलेला; २०१९ मध्ये त्याचीही दुरुस्ती झाली. चौकातला आताचा घोडा २०१७ चा, बिनस्वाराचा. मूळ काळा घोडा, म्हणजे थोरले चिरंजीव अब्दुल्ला उर्फ आल्बर्ट यांनी शहराला दिलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळा, १९६५ मध्ये हलवला आणि आता राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. तिथेच डेव्हिड ससून घड्याळ मनोराही बघून होतो. भायखळ्याचा मागेन डेव्हिड सिनेगॉग खुद्द डेव्हिड यांनी १८६० च्या दशकात उभारला. मसीना हॉस्पिटलचं आवार म्हणजे त्यांचं राहतं घर. ससून डॉक १८७५ चा, मुलाच्या कारकिर्दीतला. तिथे पहाटे पाचला पोचलात तरच अर्थ आहे.

पण एकच ठिकाण निवडायचं तर पुणं निवडा. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्यांनी १८६३ मध्ये सुरू केलं आणि १८६७ मध्ये पुरं झालं. लाल विटांचा नव्वद फुटी घड्याळ मनोरा लांबूनच दिसतो. आवारातच त्यांची समाधी आहे. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनीच हे सिनेगॉग आणि स्टेशनजवळचं ससून हॉस्पिटल या दोन्हींचा आराखडा केला. हॉस्पिटलची मूळ दगडी इमारत १८६७ ची, १४४ रुग्णांच्या सोयीची; तिच्याभोवती आज केवढा पसारा झाला आहे ते पुणेकरांना सांगायला नको. हॉस्पिटल हे काही बघायला जाण्याचं ठिकाण नव्हे, रुग्णांच्या गर्दीत कॅमेरा घेऊन फिरू नये.

लाल देवळात मात्र आधी परवानगी काढूनच जायचं. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सुरक्षा कडक आहे, आयत्या वेळी दारावर गेलात तर पोलीस परत पाठवतात आणि त्यांचं बरोबर आहे. मूळ ओळखपत्र जवळ हवं, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, तेव्हा पाहुण्यांनी जाऊ नये. यहुदी सणांच्या दिवशीही नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे सण लागून येतात, म्हणून तारीख आधी विचारून घ्यावी. पुरुषांनी डोकं झाकायचं. साधा रुमाल किंवा टोपी चालते. समाधीवर फुलं वाहण्याची यहुद्यांत रीत नाही. काही ठेवावंसं वाटलं तर एक छोटा खडा ठेवतात.